एकटीला नेमू नये

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले आणि मी अजून उत्तर दिलं नाही, म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. फोन करणार होते. पण तुमच्या पंपहाऊसचा फोन आमच्या मुख्य कार्यालयाच्या बोर्डावरून जातो, आणि बोर्डावरची बाई नुसतं ऐकत नाही, मधेमधे सल्लाही देते. तेव्हा पत्रच बरं.

माझं सगळं तसंच आहे. खोली तीच. पूर्वी इथे कोरे कागद आणि शाईच्या बाटल्या ठेवायचे. समान संधी अधिकारी नेमणं पाणीपुरवठा मंडळाला कायद्याने भाग पडलं, तेव्हा कागद बाहेर काढले आणि मला आत ठेवलं. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. दाराला आतून कडी नाही, कारण कागदांना कडी कशाला लागते? एखादी बाई रडत काही सांगायला येते आणि नेमके आमचे उपसचिव न ठोकता दार उघडतात. "चालू द्या, चालू द्या," म्हणतात आणि तिथेच उभे राहतात. त्यांना आम्ही पाठीमागे डिंक म्हणतो. फाइल त्यांच्याकडे गेली की चिकटते.

बढतीची कुठलीही यादी माझ्या सहीशिवाय लागत नाही. 'या निवडीत भेदभाव झालेला नाही' असा रबरी शिक्का आहे, त्याखाली मी सही करते. बारा वर्षांत शिक्का दोनदा झिजला.

आता मुद्द्याचं. परवा टपालात एक निनावी तक्रार आली, टाइप केलेली. आणि कशाविरुद्ध असेल? माझ्या परिपत्रकाविरुद्ध. 'पंपहाऊसवर कोणत्याही महिला कर्मचाऱ्यास एकटीला नेमू नये, सोबत किमान एक पुरुष कर्मचारी असावा.' तुमच्याकडेही ते काचेत लावलेलं असेल. तक्रारदाराचं म्हणणं असं, की पंप बाई चालवते, पण सोबतच्या पुरुषालाच प्रभारी म्हणून लिहितात. सुपरवायझर व्हायला स्वतंत्र प्रभाराच्या पाचशे शिफ्ट लागतात. त्यामुळे अकरा वर्षांत एकही बाई सुपरवायझर झालेली नाही. 'डिसेंबरअखेर मी स्वतः चालवलेल्या एक हजार चारशे बारा शिफ्टपैकी एकही माझ्या नावावर नाही,' असं लिहिलंय.

मला विचारशील तर हे एखाद्या पुरुषाचं काम आहे. बायकांच्या खांद्यावर बंदूक ठेवून माझं परिपत्रक पाडायचं, दुसरं काय. निनावी तक्रारीला नव्वद दिवस मिळतात. तेवढ्यात कोणी नाव सांगून पुढे आलं नाही तर ती 'दप्तरी दाखल' होते, म्हणजे कपाटात पुरतात. सुंठीवाचून खोकला जाईल.

पण मनात कुसळ राहिलंय. तू त्याच कामात आहेस, म्हणून विचारते. खरंच असं चालतं का? हे तुला सांगणं नियमात बसत नाही, तेव्हा वाचून झालं की पत्र फाडून टाक. ताईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, जिने चढून दाखवायची हौस आता पुरे.

तुझी मावशी

*

१३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तोंड फुगवलं नव्हतं. तुझी पत्रं उशिरा येतात पण भरलेली येतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आईचे गुडघे तसेच. परवा शेजारणीला दाखवायला ती गच्चीवर गेली आणि उतरताना दोघींना दोन माणसं लागली.

तू विचारलंस ते चालतं. आमच्याकडचंच सांगते. सकाळी सहाला मी येते. आधीच्या शिफ्टचे आकडे बघते, बेअरिंगवर हात ठेवून गरम आहे का बघते, व्हॉल्व्ह तपासते, पॅनेलवरून मोटर सुरू करते. दर तासाला दाब, विजेचा भार, टाकीची पातळी लॉगबुकात लिहिते. खलाशीकाका, म्हणजे पाना-तेल द्यायला नेमलेले मदतनीस, दाराजवळ स्टुलावर बसतात. माणूस सोन्यासारखा. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. मागितला तर पाना देतात, न मागता चहा देतात, आणि दहाच्या सुमाराला डोळे मिटतात. पॅनेलला त्यांनी आजवर हात लावलेला नाही, त्यांना भीती वाटते. दोन वाजता मी त्यांना उठवते आणि ते 'प्रभारी' या रकान्यात सही करतात. ती सही माझी चालत नाही, कारण मी प्रभारी झाले तर मी एकटी नेमल्यासारखी होते. सगळीकडे असंच असावं. मी काही शिफ्ट मोजत बसले नाही.

काका म्हणतात, "पोरी, डोकं तुझं आणि सही माझी. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातलं कुत्रं मी." मग दोघंही हसतो. नाही हसून काय करणार?

इथे सुपरवायझरची एक जागा निघाली आहे. अर्ज मेअखेरपर्यंत घ्यायचे आहेत. वयाची अट पस्तीस. मला जूनमध्ये पस्तीस पूर्ण होतील, आणि अशी जागा सहा-सात वर्षांनी एकदा निघते. म्हणजे माझ्यासाठी ही पहिली आणि शेवटची.

एक शंका विचारते, सहज. समजा ती तक्रार करणारी नाव सांगून पुढे आली, आणि ती मंडळातल्याच कोणा अधिकाऱ्याची नातेवाईक निघाली, तर काय होतं?

तुझी,
भिंगरी

*

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझी शंका सोपी आहे, कारण तो नियम मीच लिहिलाय. तक्रारदार माझ्या रक्ताच्या नात्यातली असेल तर मी कागदाला हात लावायचा नाही. प्रकरण उपसचिवांकडे जातं. डिंकाकडे तीन वर्षांपूर्वी गेलेलं एक प्रकरण अजून तिथेच आहे, आणि ती बाई वाट बघून नोकरी सोडून गेली. तेव्हा देवाने अशी वेळ कोणावर आणू नये.

पण बाकीचं पत्र वाचून मला तुझा राग आला, खोटं कशाला बोलू. तुम्ही पोरी ते परिपत्रक असं वाचता जणू मी तुम्हाला कोंडायला लिहिलं. कशामुळे लिहिलं ते तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

एका पंपहाऊसवर एक ऑपरेटर होती, तेव्हाच्या तुझ्याहून लहान. एकटी होती. मोटर आणि पंप जोडणाऱ्या फिरत्या भागात तिची बाही अडकली. हात कोपरापर्यंत गेला. तिला कसंबसं बटण दाबता आलं, पण दारापर्यंत जाता आलं नाही. पुढची शिफ्ट येईपर्यंत पाच तास ती तिथे पडून होती. मी दवाखान्यात गेले तेव्हा ती मला म्हणाली, "बाई, मी हाका मारत होते. पंपाच्या आवाजात मलाच ऐकू येत नव्हतं." त्या आठवड्यात मी ते परिपत्रक लिहिलं. सहा अधिकाऱ्यांशी भांडून मंजूर करून घेतलं. तुला त्याच वर्षी नोकरी लागली, आणि ताईने मला विचारलं, 'पोरीला पाठवू का गं?' मी म्हटलं, 'पाठव, आता माझं परिपत्रक आहे.'

त्यामुळे ही तक्रार मला कृतघ्नपणाची वाटते. वाटते ते वाटते. तरी नियम म्हणून मी सगळ्या पंपहाऊसची डिसेंबरअखेरपर्यंतची लॉगबुकं मागवली आहेत. एकेक पान बघणार आहे.

तुझ्यापुरतं मला एक सुचलंय. आस्थापना शाखेत एक टेबल रिकामं आहे. बदलीचा अर्ज कर, बाकी मी बघते. पंखा आहे, खुर्ची आहे, दुपारी डबा माझ्यासोबत. त्या आवाजात कुठवर आयुष्य काढणार?

तुझी मावशी

*

६ मार्च

प्रिय मावशी,

त्या बाईचं वाचलं. दोनदा वाचलं. आमच्या फिरत्या भागावर आता लोखंडी जाळी आहे. ती जाळी त्यानंतर बसली असणार. जाळीमुळे माझा हात शाबूत आहे. काकांमुळे नाही. ते झोपलेले असतात.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते. दुसऱ्या मोटरचा आवाज बदलला. आकड्यांत काहीच दिसत नव्हतं, नुसता आवाज. मी मोटर बंद केली, राखीव पंपावर पाणी घेतलं आणि बेअरिंग उघडलं. आत तेलाचा थेंब नव्हता. आणखी अर्धा तास चालली असती तर मोटर जळाली असती आणि अर्ध्या शहराला चार दिवस पाणी नसतं. अभियंत्यांनी येऊन पाहिलं, शाबासकी दिली. महिन्याभराने प्रशस्तिपत्र आलं, काकांच्या नावाने. लॉगबुकात प्रभारी ते होते ना.

काका ते घेऊन आमच्या घरी आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "हे तुझं आहे." आईने विचारलं, भिंतीवर लावू का? मी म्हटलं, नाव बघ आधी.

टेबलाचं राहू दे, मावशी. मला आवाज आवडतो.

भिंगरी

*

२ एप्रिल

भिंगरी,

लॉगबुकं आली. एकवीस पंपहाऊसची, तीन हातगाड्या भरून. खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. महिनाभर मी आणि एक शिपाई मोजतोय. बायकांनी चालवलेल्या आणि पुरुषांनी सह्या केलेल्या शिफ्ट.

तुझं अक्षर मला कोणी दाखवायला नको. 'क' गिरवताना मीच तुझा हात धरला होता. तुमच्या पंपहाऊसचा आकडा निघाला एक हजार चारशे अकरा. मी पुन्हा मोजलं. एक पान दुसऱ्याला चिकटलेलं होतं. एक हजार चारशे बारा.

'मी काही शिफ्ट मोजत बसले नाही.' असं लिहिलं होतंस तू. ताकाला जाऊन भांडं लपवलंस, आणि तेही माझ्यापासून. मी तुला विश्वासाने लिहीत होते, पुरुषाचं काम आहे, कृतघ्नपणा आहे, आणि तू तिकडे बसून वाचत होतीस. मला किती वेड्यात काढलंस ते कळतंय का? आणि वरून शंका, सहज म्हणे.

तू काय केलंस ते ऐक. मला हे माहीत नव्हतं तोवर मी हे प्रकरण चालवू शकत होते. आता माहीत आहे. डिंकाकडे दिलं तर ते चिकटलं. नाही दिलं तर मी माझाच नियम मोडला. आणि तुझी पत्रं, माझी पत्रं, सगळी गुपितं फोडल्याचा पुरावा. माझी दोन वर्षं राहिलीत, भिंगरी. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

मी फाडायला सांगितलेलं पत्र तरी फाडलंस का?

मावशी

*

९ एप्रिल

प्रिय मावशी,

नाही फाडलं. तुझं एकही पत्र मी आजवर फाडलेलं नाही.

हो, तक्रार माझी. टाइप करायला शेजारच्या शाळेतल्या कारकुनाकडे गेले होते. तुला फसवायचं नव्हतं. नाव घातलं तर तू बाजूला होणार आणि कागद डिंकांकडे जाणार, हे मला आधीच ठाऊक होतं, तुझा तो नियम नोटीस बोर्डावर लावलेला आहे. नाव नाही घातलं तर नव्वद दिवसांनी कपाट. मधल्या फटीत फक्त तू होतीस. मला वाटलं, तू वाचशील, आकडे बघशील आणि तुला पटेल. कोणी लिहिलंय ते कळायच्या आत पटेल. तुझं पहिलं पत्र आलं आणि कळलं की तुला ते पुरुषाचं वाटलं. मग कसं सांगणार होते?

आता तूच सांग. मी तुझी भाची नसते तर तू काय केलं असतंस? एखाद्या अनोळखी बाईच्या हजारावर शिफ्ट दुसऱ्याच्या नावावर लागल्या असत्या तर तू मंडळ डोक्यावर घेतलं असतंस. मी हे पाहिलंय. आमच्या घरी जेवताना तू तेच तेच सांगायचीस आणि आई म्हणायची, जेवू दे आता पोरीला. मला तुझ्यासारखं व्हायचं होतं म्हणून मी मशिनच्या कामात शिरले. आणि सगळ्यांच्या बाबतीत जे तुला दिसतं ते माझ्या बाबतीत दिसत नाही, कारण मी हाताशी आहे, मला टेबल देता येतं.

मला टेबल नको. माझे दिवस माझ्या नावावर हवेत. एवढंच.

आणि हेही ऐक, म्हणजे मी इतकी का कडू झाले ते कळेल. पात्र उमेदवारांची यादी लागली. आमच्या पंपहाऊसवरून एकच नाव, खलाशीकाका. खात्यातल्या जुन्या माणसांना वयाची अट माफ आहे म्हणे, स्वतंत्र प्रभाराच्या शिफ्ट डिसेंबरअखेर एक हजार चारशे बारा. काकांना अर्ज करायचा नव्हता. घरच्यांनी हट्ट धरला. फॉर्म घेऊन ते माझ्याकडेच आले, कारण त्यांना लिहायचा कंटाळा. 'कामाचा अनुभव' या रकान्यात काय लिहू असं मी विचारलं. ते म्हणाले, "तू काय करतेस ते लिही."

मी लिहिलं, मावशी. चांगल्या अक्षरात लिहिलं.

तुझी,
भिंगरी

*

५ मे

चि. भिंगरी,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आता सरळ सांगते. तुझी तक्रार मी परवा दप्तरी दाखल केली. माझ्या हाताने, माझ्या सहीने.

आधी दुसरं करून पाहिलं. तुझं पत्र आल्यावर मी एकवीस पंपहाऊसचा तक्ता केला. तू एकटी नाहीस. अशा चौदा जणी आहेत. मी टिपण लिहिलं की तक्रार निनावी असली तरी आकडे खरे आहेत, चौकशी व्हावी. ते वर पाठवायला उपसचिवांची सही लागते. डिंक स्वतः माझ्या खोलीत आले. लॉगबुकांच्या ढिगावर बसले आणि म्हणाले, "बाई, तुमचं परिपत्रक म्हणजे मंडळाची शान. बाहेरची माणसं बघायला येतात. कशाला आपल्याच हाताने आपलं नाक कापता?" मी म्हटलं, आकडे तर बघा. ते एक लॉगबुक उचलून चाळू लागले, आणि तुझ्याच पंपहाऊसचं निघालं. "सुंदर अक्षर," म्हणाले. "ही तुमची भाची ना? मग चौकशी झाली तर आधी मलाच विचारावं लागेल, की तक्रार कुठे तयार झाली. तुम्ही असं काही कराल असं मला वाटत नाही. पण विचारावं लागेल." मग 'चालू द्या, चालू द्या' म्हणत गेले.

मी घाबरले. दुसरा शब्द नाही. नोकरी जाईल, एवढ्या वर्षांची पुण्याई जाईल, लोक म्हणतील बाईने भाचीसाठी कारस्थान केलं. आणि खरं सांगू का, त्याच्याही तळाशी एक गोष्ट होती. ते परिपत्रक चुकलं असं मला लिहायचं नव्हतं. आयुष्यात मी एकच काम मनापासून केलं असं मला वाटत होतं, आणि त्या कुंपणानेच शेत खाल्लं. नव्वदावा दिवस आला तेव्हा मी कपाट उघडलं.

आता ही वाट बंद झाली. मंडळाच्या आत दुसरी नाही. बाहेर राज्याचा आयोग आहे, पण तिथे थेट फक्त एकाच प्रकारची तक्रार जाते, समान संधी अधिकाऱ्याविरुद्धची. ती उपसचिवांच्या हातात येतच नाही. बारा वर्षांत माझ्याविरुद्ध कोणी गेलं नाही, आणि कोण जाणार?

मला माफ कर असं म्हणत नाही. ताईला यातलं सांगू नकोस. टेबल अजून रिकामं आहे.

तुझी मावशी

*

१२ मे

मावशी,

तू कपाटात ठेवलीस हे वाचून मी लॉगबुक घेऊन बसले आणि दोन तासांचे आकडे लिहायचेच राहिले. पॅनेल माझ्या हाती आल्यापासूनच्या सहा वर्षांत असं झालं नव्हतं. काकांनी खांद्यावर हात ठेवला आणि मला जास्तच रडू आलं.

मी आयोगाकडे जातेय. तुझ्याविरुद्ध. परिपत्रक तुझं, ते कपाट उघडणारा हातही तुझा. उद्या टपालात टाकेन. तुला आयोगाच्या नोटिशीतून कळावं असं वाटलं नाही, म्हणून हे.

आईला मी सांगितलं. संध्याकाळी ती म्हणाली, "तुझ्या जागी ती असती तर तिनेही हेच केलं असतं." मग म्हणाली, "पण मला दोघींच्या मधे बसवू नका."

मी तुझ्यावर रागावले आहे आणि तुझी काळजीही वाटते. दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

भिंगरी

*

३० मे

भिंगरे,

हे पत्र मी लिहायचं नाही आणि तू वाचायचं नाही. ताई दोन दिवस माझ्याकडे आली होती, तिच्याच हाती देतेय. मधे बसवू नका म्हणाली, आणि पदराआड लपवून नेतेय.

तुझ्या तक्रारीची प्रत आमच्या आवक विभागातून आली. माझ्याच नावाची म्हणून ती मलाच घ्यावी लागली, मीच तारखेचा शिक्का मारला. मग दाराला खुर्ची लावून वाचली. छान लिहिली आहेस. एकही शब्द जास्त नाही. फक्त सातव्या परिच्छेदात लिहिलंस, 'प्रतिवादीने माझ्यासाठी नेहमी चांगलेच केले. मला काय हवे ते मात्र एकदाही विचारले नाही.' त्याची तक्रारीला गरज नव्हती. खोडायला सांगितलं असतं तर मी तुझी मावशी कसली.

आयोगाने विचारलं होतं, आरोप मान्य की अमान्य. मी लिहिलं, मान्य. चौदा जणींचा तक्ता जोडला. आपली पत्रंही जोडणार आहे, सगळी. माझ्याकडची तुझी. तू फाडली नाहीस ती माझी तूही दे. त्यात मी वेडी दिसते, भित्री दिसते, नियम मोडलेली दिसते. दिसू दे.

डिंक आता ठोकून आत येतात. मला काढलेलं नाही. खोलीत तशीच ठेवलीय, काम तेवढं काढून घेतलंय. शिक्का काढून घेतला, लॉगबुकं नेली. मी दहाला येते आणि भिंतीकडे तोंड करून साडेपाचपर्यंत बसते. निकालापर्यंत असंच. सुट्टी मागितली तर म्हणाले, चौकशी चालू असताना मिळत नाही.

तुला हवी ती बातमी ही. सुपरवायझरची यादी आयोगाने थांबवली आहे. तुझा अर्ज तात्पुरता घ्यायला सांगितलाय, वयही आजच्या तारखेचं धरणार. पण निकाल कधी लागेल ते कोणी सांगत नाही. लागेल तो तुझ्या बाजूने असेलच असंही नाही. तोवर तू लॉगबुक लिहायचं आणि सही काकांनीच करायची. त्यांना म्हणावं, झोपा निवांत, तुमचा यात दोष नाही.

एका प्रश्नाला मला तयार राहायला हवं. डिंक आयोगाला सांगणार की हे संगनमत आहे, मावशीनेच भाचीला वाट दाखवली. ५ मेच्या पत्रात आयोगाबद्दल ते वाक्य मी का लिहिलं, हे ते विचारतील. मी रोज त्या भिंतीकडे बघत तोच विचार करते. तुला कळावं म्हणून लिहिलं, की वाट बंद आहे याची स्वतःला खात्री पटावी म्हणून? शपथेवर विचारलं तर मला सांगता येणार नाही. तुझा राग मात्र खरा होता, आणि सगळं त्यावरच उभं आहे. तो कमी होऊ देऊ नकोस.

म्हणून आता पत्र नाही, फोन नाही, ताईमार्फत निरोपही नाही. सुनावणीला मी एका बाकावर असेन, तू समोरच्या. माझ्याकडे बघू नकोस. माझा उल्लेख प्रतिवादी असा कर, तुला ते जमतंय हे मी वाचलंय. आणि काही झालं, मी अडखळले, मला पाणी लागलं, डिंक मला घालूनपाडून बोलले, तरी मावशी म्हणून हाक मारू नकोस. मी ओ दिल्याशिवाय राहणार नाही, आणि तिथला माणूस ते लिहून घेईल.

तुझी